बचावाचं हेलिकॉप्टर कोणाचं?

१६ ऑगस्ट २००४ ची दुपार. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तिथल्या बॉसकॅसल या समुद्रकाठच्या छोट्या गावावर अक्षरशः आभाळ फाटलं. गाव अरुंद दरीत, दोन लहान नद्यांच्या संगमाशी वसलेलं. बघता बघता मुख्य रस्त्यावरून पाण्याचा लोंढा धावू लागला. मोटारी खेळण्यांसारख्या वाहत जाऊन समुद्राला मिळाल्या. माणसं जीव मुठीत धरून छपरांवर आणि झाडांवर चढून बसली.

थोड्याच वेळात हेलिकॉप्टरं आली. काही पिवळी, म्हणजे हवाई दलाची. काही लाल-करडी, म्हणजे नौदलाची. आणि एक लाल-पांढरं, तटरक्षक सेवेचं. या तिसऱ्या हेलिकॉप्टरवर नाव सरकारी असलं, तरी ते चालवणारी माणसं एका खाजगी कंपनीची होती. सगळ्यांनी मिळून शे-दीडशे माणसं उचलली. एवढ्या मोठ्या पुरात एकही जीव गेला नाही.

छपरावर बसलेल्या माणसाला वरून उतरणाऱ्या तारेचा रंग विचारायचं सुचलं नसणार. पण देशाला मात्र हा प्रश्न विचारावाच लागतो. असं काम लष्कराकडे असावं, की पैसे मोजून खाजगी कंपनीला द्यावं? ब्रिटनने पुढच्या बारा वर्षांत याचं उत्तर दिलं. २०१६ सुरू झालं तेव्हा तिथली ही सगळी सेवा एका कंपनीच्या हाती गेली होती. त्यावर वादही भरपूर झाला. 'माणसाच्या जिवाचं कंत्राट कसलं देता?' असं एक बाजू म्हणत होती. 'पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्याची यंत्रं घेऊन जीव कसे वाचवणार?' असं दुसरी बाजू विचारत होती.

कोणाची बाजू घ्यायची हे ठरवण्याआधी आपण थोडी आकडेमोड करू. शाळेत शिकवतो तेवढं गणित आणि विज्ञान त्याला पुरेसं आहे.

समुद्रात पडलेल्या माणसाचं घड्याळ

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणूनच दहा अंश सेल्सिअसच्या हवेत आपण स्वेटर घालून फिरू शकतो, पण तेवढ्याच थंड पाण्यात टिकणं कठीण होतं. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल बचावकार्यातले लोक एक-दहा-एक असा ठोकताळा सांगतात. पहिलं एक मिनिट धाप लागण्याचं. अचानक बसलेल्या थंडीच्या धक्क्याने श्वास ताब्यात राहत नाही आणि नाकातोंडात पाणी जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडण्याची. त्यानंतर बोटं वळत नाहीत, दोरही पकडता येत नाही. आणि साधारण एक तासानंतर शुद्ध हरपू लागते. तीही अंगात तरंगण्याचं जाकीट असलं तरच, नाहीतर माणूस त्याआधीच बुडतो.

ब्रिटनभोवतालचा समुद्र हिवाळ्यात दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असतो. तिथे मुदत थोडी जास्त मिळते, पण हिशेब मिनिटांचा आणि फार तर काही तासांचाच राहतो. म्हणून बचावसेवेला विचारायचा पहिला प्रश्न असा : पहिल्या तासाभरात तुम्ही कुठपर्यंत पोहोचता?

सज्जता मोठी की वेग?

लष्कराची जुनी सी किंग हेलिकॉप्टरं साधारण ११० नॉट वेगाने जात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे हा वेग झाला ताशी सुमारे २०५ किलोमीटर. कंपनीने आणलेलं एस-९२ हे नवं हेलिकॉप्टर साधारण १४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने जातं.

बोलावणं आल्यापासून हेलिकॉप्टर जमीन सोडेपर्यंत किती वेळ लागू द्यायचा, याचे नियम ठरलेले असतात. ब्रिटनमध्ये लष्कराच्या काळी दिवसा १५ मिनिटं आणि रात्री ४५ मिनिटं असा नियम होता. २०१५ च्या कंत्राटातही तोच ठेवला गेला. रात्री कर्मचारी झोपलेले असतात. उठायचं, हवामान पाहायचं, यंत्र तपासायचं, यात वेळ जातो.

आता 'पहिल्या तासाचं' वर्तुळ काढू. दिवसा १५ मिनिटं तयारीत गेली, उडायला उरली ४५. तेवढ्या वेळात सी किंग सुमारे १५४ किलोमीटर जाईल आणि एस-९२ सुमारे २०० किलोमीटर. वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे वेग सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला, तरी आवाक्यात येणारा प्रदेश जवळजवळ पावणेदोनपट होतो. नव्या यंत्राच्या बाजूने हा बिनतोड मुद्दा आहे.

पण रात्रीचं वर्तुळ पाहा. ४५ मिनिटं तयारीत गेली, उडायला उरली फक्त १५. सी किंग पोहोचेल ५१ किलोमीटरपर्यंत आणि एस-९२ सुमारे ६७ किलोमीटरपर्यंत. म्हणजे रात्री निघालेलं नवं वेगवान यंत्र, दिवसा निघालेल्या जुन्या यंत्राच्या निम्म्या अंतरापर्यंतही जात नाही. एकाच यंत्राची दिवसाची आणि रात्रीची त्रिज्या यांचं गुणोत्तर तीनास एक आहे, म्हणून क्षेत्रफळांचं नऊास एक.

हा हिशेब केल्यावर आम्हाला वादाचा रोख बदललेला दिसला. पहिल्या तासात वेगापेक्षा सज्जतेचा परिणाम मोठा आहे. सज्जता म्हणजे रात्रभर जागं राहणारं, कपडे चढवून बसलेलं पथक. रात्रीही पंधरा मिनिटांत निघायचं असेल तर जास्त पथकं लागतील, जास्त पगार लागतील. तो खर्च करायचा की नाही, हा निर्णय लष्करही घेत नाही आणि कंपनीही घेत नाही. तो सरकार घेतं, म्हणजे शेवटी नागरिक घेतात.

एका जागी थांबण्याची किंमत

पोहोचल्यावरही काम संपत नाही. हेलिकॉप्टर हवेत टिकतं ते पंख्याने हवा खाली ढकलून. पुढे जाताना पंख्याला सतत नवी, स्थिर हवा मिळत राहते. एका जागी थांबल्यावर मात्र थोडीच हवा जास्त जोराने खाली फेकावी लागते, म्हणून शक्ती जास्त खर्च होते. शिवाय आदर्श परिस्थितीत ही शक्ती वजनाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. वजन १० टक्क्यांनी वाढलं तर शक्ती सुमारे १५ टक्क्यांनी जास्त लागते. म्हणजे वर घेतलेला प्रत्येक माणूस यंत्रावरचा भार वाढवतो. आणि लांब जाण्यासाठी जास्त इंधन भरलं, तर माणसांसाठी वाव कमी उरतो.

समजा चार तासांचं इंधन आहे आणि जायला दीड, यायला दीड तास लागतो. अडीअडचणीसाठी अर्ध्या तासाचं इंधन राखून ठेवायचं. मग शोधायला आणि उचलायला उरला अर्धा तास. रात्र, पाऊस, सात-आठ मीटरच्या लाटा आणि खाली डोलणारी नाव. हेलिकॉप्टरात चौघं असतात : दोन वैमानिक, एक विंच चालवणारा आणि एक तारेने खाली उतरणारा. वैमानिकाला खालची माणसं बहुतेक वेळा दिसतच नाहीत. दाराशी बसलेला सांगेल तसं, दोन हात पुढे, एक हात उजवीकडे, असं यंत्र हलवायचं. असा मेळ बसायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

लष्कराकडे आलं कसं, गेलं कसं?

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात हवाई युद्ध पेटलं. विमान पडल्यावर छत्रीने इंग्लिश खाडीत उतरलेले किती तरी ब्रिटिश वैमानिक केवळ उचलायला कोणी आलं नाही म्हणून दगावले. म्हणून १९४१ मध्ये हवाई दलाने समुद्रावरच्या बचावाची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. १९५० च्या दशकात तिला हेलिकॉप्टरं मिळाली. उद्देश होता आपल्याच वैमानिकांना वाचवण्याचा. मासेमार, गिर्यारोहक, पोहायला गेलेली मुलं यांची सुटका हे जोडकाम होतं. पुढे हे जोडकामच मुख्य झालं. लष्करी वैमानिकाला उचलण्याचे प्रसंग विरळा झाले आणि बहुतेक बोलावणी सामान्य नागरिकांची येऊ लागली.

खाजगी कंपनीचा प्रवेशही समजतो तितका नवा नाही. १९७१ मध्ये मॅन्स्टन इथे ब्रिस्टो या कंपनीचं हेलिकॉप्टर तटरक्षक सेवेसाठी प्रयोग म्हणून ठेवलं गेलं. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेण्या-आणण्याचा या कंपनीचा धंदा होता. १९८३ पासून शेटलंड बेटांवरच्या समबर्ग इथे कंत्राटी सेवा सुरू झाली, आणि नंतर आणखी काही ठिकाणी. म्हणजे तीस वर्षं लष्कर आणि कंत्राटदार शेजारी शेजारी हेच काम करत होते. या मिश्र काळात देशात बारा तळ होते : सहा हवाई दलाचे, दोन नौदलाचे आणि चार कंत्राटी.

नव्या शतकात सी किंग म्हातारी झाली. ती बदलायला प्रचंड पैसा हवा होता. अशी मोठी कामं खाजगी भांडवलातून करण्याचं तेव्हाचं सरकारी धोरण होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये एका कंपनीगटाची निवड झाली. पण वर्षभरातच, फेब्रुवारी २०११ मध्ये, सरकारला ती प्रक्रिया रद्द करावी लागली. स्पर्धेतली गोपनीय व्यापारी माहिती या गटाला आधीच मिळाल्याचं उघड झालं होतं. नव्याने निविदा निघाल्या. मार्च २०१३ मध्ये ब्रिस्टोला दहा वर्षांचं, १.६ अब्ज पौंडांचं कंत्राट मिळालं. एप्रिल २०१५ पासून एकेक तळ हस्तांतरित होऊ लागला. हवाई दलाने ऑक्टोबर २०१५ मध्ये आणि नौदलाने त्या वर्षाच्या अखेरीस हे काम थांबवलं. जुलै २०२२ मध्ये पुढच्या टप्प्याचं कंत्राटही याच कंपनीला मिळालं.

लष्करातले अनेक अनुभवी वैमानिक आणि तारेवरचे लोक कंपनीत गेले. पाटी बदलली, पण हेलिकॉप्टरात बसणारी माणसं बऱ्याच अंशी तीच राहिली. म्हणून पहिल्या काही वर्षांतल्या कामावरून कंत्राटी पद्धत चांगली की वाईट हे ठरवणं अवघड आहे. कारण त्या माणसांना घडवण्याचा खर्च लष्कराने आधीच केलेला होता. पुढच्या पिढीला कोण घडवतं आणि कसं, यावर खरी परीक्षा होणार.

सरासरीने काय झाकलं?

नव्या व्यवस्थेत बारांऐवजी दहा तळ ठेवले गेले. सरकारचं म्हणणं असं की यंत्रं वेगवान असल्याने घटनास्थळी उडत जाण्याचा सरासरी वेळ २३ मिनिटांवरून १९ वर येईल. जास्त धोक्याच्या प्रदेशाचा सुमारे ७० टक्के भाग आधी अर्ध्या तासाच्या उड्डाणाच्या आवाक्यात होता, तो सुमारे ८५ टक्के होईल. हे आकडे चांगलेच आहेत.

पण सरासरी सुधारली म्हणजे सगळ्यांचं भलं झालं, असं होत नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर बूमर इथे हवाई दलाचा तळ होता, तो २०१५ मध्ये बंद झाला. आम्ही नकाशावर पट्टी ठेवून मोजलं. तिथून त्या वेळी सर्वांत जवळ असलेला नवा तळ, प्रेस्टविक, सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर दूर आहे. एस-९२ च्या वेगाने ही ४२ मिनिटं झाली. दिवसाची तयारीची १५ मिळवली की ५७. पूर्वी जिथे तयारीच्या पंधरा मिनिटांवर थोडीशीच भर पडत असे, तिथे २०१५ नंतर जवळजवळ तास लागू लागला. एका वर्गाची सरासरी वाढली, तरी त्यातला एखादा मुलगा नापास होऊ शकतो. शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.

आणि तळ बंद करण्याचा निर्णय सरकारी आराखड्यातच होता. लष्करानेच नवी वेगवान यंत्रं घेतली असती, तरी तोच निर्णय होऊ शकला असता.

आयर्लंडचे दोन अपघात

शेजारच्या आयर्लंडमध्येही हे काम लष्कराकडून कंपनीकडे गेलं. तिथले दोन अपघात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला जुलै १९९९ चा. वॉटरफर्डच्या तळावर लष्करी हवाई दलाने चोवीस तासांची सेवा नुकतीच सुरू केली होती, ती पहिलीच रात्र. एका लहान बोटीच्या मदतीला गेलेलं हेलिकॉप्टर दाट धुक्यात परतत होतं. विमानतळावर उतरता येईना. ट्रॅमोरच्या किनाऱ्याकडे वळल्यावर ते वाळूच्या टेकडीवर आदळलं. चौघंही गेले. चौकशीत दोष केवळ वैमानिकांचा निघाला नाही. पुरेशी पूर्वतयारी आणि पाठबळ न देता चोवीस तासांची सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेवर ठपका आला.

दुसरा १४ मार्च २०१७ चा. आता सेवा खाजगी कंपनीकडे होती. पश्चिमेला दूर समुद्रात एका मासेमाराच्या अंगठ्याला दुखापत झाली होती. त्याला आणायला गेलेल्या हेलिकॉप्टरच्या पाठराखणीसाठी डब्लिनहून दुसरं निघालं. रात्री, खराब हवेत, इंधन घ्यायला खाली येताना ते ब्लॅकरॉक नावाच्या खडकाळ बेटावर आदळलं. पुन्हा चौघं गेले. बेटाची उंची २८२ फूट, आणि हेलिकॉप्टर सुमारे २०० फुटांवर होतं. पुढे जमीन आली की इशारा देणारं उपकरण त्यात होतं, पण त्याच्या माहितीसाठ्यात हे बेट नव्हतंच. ही त्रुटी काही कर्मचाऱ्यांच्या २०१३ मध्येच लक्षात आली होती आणि त्यांनी ती लिहून कळवलीही होती. ती दुरुस्त झाली नाही. नोव्हेंबर २०२१ च्या चौकशी अहवालाने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. सेवा विकत घेणाऱ्या तटरक्षक यंत्रणेकडे विमानचालनाचं स्वतःचं पुरेसं ज्ञानच नव्हतं.

एक अपघात लष्कराचा, एक कंपनीचा. दोन्हींत हेलिकॉप्टरातले लोक तरबेज आणि धाडसी होते. उणीव होती ती त्यांच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत. एकीकडे तयारीआधी सेवा सुरू झाली, दुसरीकडे कळलेली चूक योग्य जागी पोहोचली नाही.

मग कोणाकडे द्यावं?

आमच्या मते 'लष्कर की कंपनी' हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, हे काम नीट होतंय की नाही हे ओळखू शकणारी माणसं सरकारकडे उरली आहेत का?

लष्कर स्वतः उडतं, तेव्हा उडण्याचं ज्ञान सरकारच्या घरातच असतं. काम बाहेर दिलं की हळूहळू ते ज्ञानही बाहेर जातं. दहा वर्षांनी नवं कंत्राट लिहायला बसलेल्या अधिकाऱ्याने कधी रात्रीच्या समुद्रावर तार उतरताना पाहिलेलीच नसते. मग कंपनी सांगेल तेच त्याला खरं मानावं लागतं. शिवाय कंत्राटात जे लिहिलं नाही ते करून घेण्याचा हक्क नसतो. लष्कराजवळ एरवी इतर कामांसाठी असलेली जादा हेलिकॉप्टरं आणि माणसं असतात. बॉसकॅसलसारख्या दिवशी ती मदतीला येतात.

याचं जवळचं उदाहरण आपल्या समुद्रातलं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर, तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाच्या युद्धनौका, टेहळणी विमानं आणि हेलिकॉप्टरं खवळलेल्या समुद्रात शोध घेत राहिली, आणि १८६ जणांना वाचवता आलं. एवढी ताकद ऐनवेळी उभी करणं कुठल्याही कंत्राटात सहजी बसणार नाही.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. लष्कराचं पहिलं काम युद्धाचं. पैशांची ओढाताण झाली की बचावाची यंत्रं मागे पडतात आणि म्हातारी होईपर्यंत वापरली जातात. कंपनीकडे एकच काम असतं आणि किती मिनिटांत निघालं याची नोंद तपासता येते. कंपनी बुडेल ही भीती मात्र खोटी नाही. ब्रिस्टोच्या मूळ अमेरिकी उद्योगसमूहाने मे २०१९ मध्ये तिथल्या कायद्याखाली दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं होतं. ब्रिटनमधली सेवा त्या काळातही चालू राहिली, हे खरं. पण असं झालं तर काय करायचं याची तरतूद आधी करून ठेवायला हवी.

आणखीही वाटा आहेत. नॉर्वेत हे काम मुख्यतः हवाई दलाकडेच आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली सुरू झालेली रेगा ही संस्था सरकारीही नाही आणि नफ्यासाठीही नाही. लाखो नागरिक दरवर्षी वर्गणी देतात, त्यावर तिची हेलिकॉप्टरं उडतात. प्रत्येक पद्धत चांगली चालू शकते, आणि प्रत्येक पद्धत ढिसाळही होऊ शकते.

वर्गात करून पाहण्यासारखं

आठवी-नववीच्या मुलांबरोबर एक प्रयोग जरूर करा. आपल्या जिल्ह्याचा मोजमापाचा नकाशा, कंपास आणि पट्टी घ्या. रुग्णवाहिका कुठे उभी असते आणि अग्निशामक बंब कुठे असतो, ते शोधून खुणा करा. निघायला किती वेळ लागतो ते तिथे जाऊन विचारा, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. रस्त्यावरचा खरा वेग धरा आणि अर्ध्या तासाचं वर्तुळ काढा. रस्ते सरळ नसतात, म्हणून वर्तुळ प्रत्यक्षात वेडंवाकडं होईल. ते का, यावर मुलांशी बोला.

मग वर्तुळाबाहेर राहिलेल्या गावांची नावं फळ्यावर लिहा. निघण्याचा वेळ निम्मा केला तर त्यांतली किती गावं आत येतात आणि वेग वाढवला तर किती, हे मुलांना मोजू द्या. ही सेवा कोण चालवतं, तिच्यावर देखरेख कोण करतं आणि तक्रार कुठे करायची, हेही त्यांना शोधून काढायला सांगा. काय आढळलं ते आम्हाला जरूर कळवा.